राऊटरमधली नकटी

प्रिय नकटे,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा, लावून लावून वाच. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. घर तसंच आहे, फक्त तुझ्या बापाच्या डोक्यात नवीन भूत शिरलंय. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी आला की त्या राऊटरपुढे बसतो. तीच ती, चपलांच्या कपाटावरची दिवे लुकलुकवणारी डबी. त्याला कामावर कुणीतरी सांगितलं, की घरातल्या वस्तू आपल्या माघारी बाहेर चहाड्या करतात. आपण काय बघतो ते टीव्ही कुणाकुणाला कळवतो म्हणे. मी म्हटलं, मग विकून टाक मेल्याला. तर नाही. फिल्टर लावायचा. हा ज्याला हो म्हणेल तेवढंच घराबाहेर जाणार, बाकी सगळं आत. मी अडाणी खरी, पण खिडकीला जाळी लावतात ती बाहेरचा डास आत येऊ नये म्हणून. घरातला डास बाहेर जाऊ नये म्हणून जाळी लावणारा हा पहिलाच. पुन्हा पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, शेवटी दोघांचाही गोंधळ झाला.

जाळी लागली आणि माझा फोन गेला. तू जाताना दिलास तो तुझा जुना. त्यात कार्ड नाही, घरच्या वायफायवरच त्याचा जीव. दुपारी तुला लावला की नुसतं चक्र गरगरायचं. मला जाळी सुचलीच नाही. टीव्ही चालतोय, बापाचा फोन चालतोय, मग माझ्याच फोनला काय धाड भरली? मला वाटलं, तूच मला बंद केलंस. बापाशी वाकडं होतंच, आता म्हातारीही नकोशी झाली. त्याचा फोन मागावा तर तू बँक सोडून बेकरीच्या भट्टीवर राबायला गेलीस त्या दिवसापासून त्याने या घरात तुझं नाव घेतलेलं नाही. तुझी आई असती तर तिने दोघांचे कान उपटले असते. मी आपली चक्राकडे बघत बसायची आणि तुला शिव्या घालायची. बऱ्याच घातल्या, त्या आता परत घेत नाही, पुढे कधीतरी कामी येतील.

शेवटी फोन त्याच्यापुढे आपटला. म्हटलं, डबडं मेलंय, भंगारात घाल. तो राऊटरची यादी उघडून बसला, कोणाला बाहेर सोडायचं आणि कोणाला नाही त्याची. बघता बघता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. यादीत टीव्ही, त्याचा फोन आणि खाली ‘नकटी’. फोनला तू ठेवलेलं नाव कुणी बदललंच नव्हतं. जाळी लावताना त्याला ते दिसलं, ही आता इथे राहत नाही म्हणून त्याने ते बंद केलं. तोडायला गेला तुला आणि तुटले मी. मी म्हटलं, आता तिथे ‘आजी’ घाल आणि सोड बाहेर. त्याने सोडलं, पण नाव बदललं नाही. का, ते मला कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, राहू दे.

फोन सुरू झाला तर पत्र कशाला, असं म्हणशील. मी अजून तुला लावलेलाच नाही. हल्ली तो दुपारी जेवायला घरी येतो. माझ्या शेजारी बसून पेपर धरतो, पान काही उलटत नाही. मध्येच विचारतो, लावत नाहीस का आज? आणि तू म्हणजे फोन उचलताच आधी त्याच्या नावाने बोटं मोडणार. तुला सावध करायचं तर फोनवर कसं करू, त्याचा कान माझ्या खांद्यावर असतो. म्हणून हा कागद. रविवारी दुपारी लावते. भट्टीबद्दल बोल, जरा मोठ्याने बोल. मध्येच मी चहा ठेवायला उठेन आणि फोन त्याच्या हातात देईन. तो बराच वेळ काही बोलणार नाही. फोन गेला असं समजून ठेवू नकोस.

तुझीच,
यादीतली म्हातारी नकटी