पूर्वेची दिंडी

३ जुलै
आले एकदाची कोटागडेला! समारांगच्या शाळेत तीस वर्षं खडू झिजवला, त्या सगळ्या पुंजीचं हे घर. पुढे खांबांचा मोकळा मांडव, मागे राहायच्या खोल्या. तीन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या, एक माझी. मांडव आणि खोल्या यांच्यामधून आळीची पायवाट जाते, पश्चिमेच्या दिंडीतून आत, पूर्वेच्या दिंडीतून बाहेर. आळीप्रमुख पाक संगीद सांगत होते की पहाटेपासून संध्याकाळच्या नमाजापर्यंत दिंड्या लावायच्या नाहीत, अशी जुनी रीत आहे. जाणारी प्रत्येकजण मान खाली घालून "माफ करा, जरा जाते हं" म्हणते. किती गोड! पूर्वेच्या शेजारीण जुमिराआजींनी केळीच्या पानावर गरम किपो आणून दिले, नारळाचं गोड सारण भरलेले. सहा खाल्ले.

७ जुलै
गोड कसलं, डोक्याला ताप! सकाळपासून कोंबड्या, ढकलत नेलेल्या मोटारसायकली आणि प्रत्येकाच्या चौकशा. नवरा कधी वारला, मुलं का नाहीत, फरशी केवढ्याला पडली. एकच बाई मला आवडते. बरोबर बाराला येते. विटक्या तपकिरी बाटिकचं लुगडं, पाठीला बांबूची करंडी. पुटपुटत वाट मागते आणि निघून जाते. प्रश्न नाही, थांबणं नाही.

१२ जुलै
पूर्वेची दिंडी बुजवायची ठरवली. कागदोपत्री वाट माझ्याच जागेत आहे. आळीची बैठक झाली, चहा झाला. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी हो म्हणालं नाही. पाक संगीद हसून म्हणाले, "बरं बरं, ताई, बघू या." मला ते 'बघू या' आता ऐकवत नाही. गवंडी पार्जिलान चार दिवस 'उद्या येतो' म्हणतोय. कधी त्याची मेहुणी आजारी, कधी थापी हरवलेली.

१६ जुलै
शेवटी बांतुलहून दुसरा गवंडी आणला. एका दिवसात भिंत उभी! पश्चिमेची दिंडी ठेवली आहे, पाहुण्यांना यायला. जुमिराआजी पलीकडून म्हणाल्या, "अगं, बुजवायच्या तर दोन्ही बुजव. आत आलेल्यानं जायचं कुठून?" मी म्हटलं, आल्या वाटेनं परत जायचं. इथे कशालाही शास्त्र काढतात.

१७ जुलै
बारा वाजता ती करंडीवाली आली. मी सांगायला उठले की वाट बंद आहे. ती तशीच पुढे गेली, कोपऱ्याआड भिंतीकडे. परत येईल म्हणून मी दिंडीशी उभी राहिले. अर्धा तास झाला. जाऊन पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी. हाक मारली, वळली नाही.
संध्याकाळीही तिथेच.

१८ जुलै
आज बाराला ती पुन्हा आली. पश्चिमेच्या दिंडीतून. तेच लुगडं, तीच करंडी. आणि कालची अजून भिंतीशी उभी होती.
आता दोघी आहेत.
जुमिराआजींकडे धावले. त्यांनी विचारलं, करंडी कुठल्या खांद्याकडे झुकलेली? डाव्या, मी म्हटलं. "मग सातिनाच. माझ्या लग्नाच्या वर्षी गेली ती. रोज बाजारातून घरी जाते, माझ्याच अंगणातून. कुणाला त्रास नाही तिचा." मग मला आधी कुणी सांगितलं का नाही? तर म्हणे, "तू विचारलंस कुठे?"

१९ जुलै
तीन. पश्चिमेची दिंडी आतून अडसर घालून लावली होती. तरी आली.
गवंड्याला फोन केला, भिंत पाड म्हणून. सोमवारी बघतो म्हणाला. सोमवारी!

२१ जुलै
पाच. सगळ्या एकसारख्या. हलत नाहीत. पाक संगीदना आणलं. दिंडीतूनच बघून म्हणाले, "ताई, आम्हाला काही दिसत नाही." पण आत पाऊल टाकेनात. कपाळावर घाम होता त्यांच्या.
बहीण म्हणते, समारांगला ये. माझं घर सोडून मी का जाऊ?

२३ जुलै
सात. आता भिंतीशी जागा उरली नाही. शेवटची माझ्या खोलीच्या दारात उभी आहे, पाठमोरी. स्वयंपाकघरात जायचं तर तिला वळसा घालावा लागतो. आज चुकून माझ्याच तोंडून निघालं, माफ करा, जरा जाते हं. माझ्याच घरात!

२४ जुलै
गवंडी आला, भिंत पाडली, पैसेही न घेता पळाला. वाट मोकळी. पण आठहीजणी जागच्या हलल्या नाहीत. दिंडीबाहेरच्या बोळातून पुढे जाऊन पाहिलं तर जुमिराआजींनी त्यांच्या अंगणाचं दार लावून घेतलंय. जाड फळ्या ठोकून. आतून रडत म्हणाल्या, "एकटी जायची, पोरी, तेव्हा चालायचं. आठजणी माझ्या अंगणात? माझी नातवंडं आहेत गं इथे."
पाक संगीदनी शब्द दिलाय. उद्या बाराच्या आत मुलांना दुसरीकडे हलवतील, दार उघडतील. मी पुढे चालायचं, त्या मागून येतील. म्हणाले, "बरं बरं, ताई."

२५ जुलै
पावणेबारा. वही घेऊन आजींच्या दाराशी उभी आहे. आत कुणी नाही, वाटतं. फळ्या तशाच —
थापा मारल्या. ओ नाही —
मागे वळून पाहिलं. आठहीजणी माझ्या मागोमाग आल्यात. पहिल्यांदाच, माझ्याकडे तोंडं करून. माना खालीच —
माघारी जायला जागा नाही. बोळ भरलाय —
अजान. बारा. नववी आली, मागून ढकलतेय सगळ्यांना —
"माफ करा, जरा जाते हं." सगळ्या एकदम. हळू, अगदी आदबीनं —
बाजूला सरकू कुठे? पाठीला फळ्या, मी वाट देणार तरी कु —