माझी हत्यारे प्रज्ञेशला देऊ नयेत

मी, दशरथ सखाराम ओव्हाळ, वय ५९, धंदा फरशी बसवणे, राहणार मांजरी, पुणे, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. येत्या सोमवारी दोन्ही गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. मला साखर आहे, रक्तदाबही आहे, म्हणून डॉक्टरांनी जोखमीच्या कागदावर सही घेतली. तो कागद मी तीनदा वाचला आणि घरी येऊन हा लिहायला घेतला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात पत्नी राधा हिच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. फरशी मीच बसवली आहे, तिला कोणी हात लावू नये. संडास मात्र बदलून कमोड बसवावा. गेली दोन वर्षे मी तिथे नळाला धरून उठतो. एखाद्या दिवशी नळ उपटून हातात येईल आणि मी आत पडून राहीन, ही भीती घेऊनच रोज सकाळी कडी लावतो. राधाला हे आजच कळेल.

२. बँकेतील शिल्लकही राधाचीच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी निकिता हिने करावी. ती कोणाचे ऐकत नाही, म्हणून तिला नेमले आहे.

३. ठेकेदार श्यामसुंदर यांच्याबाबत. तेहतीस वर्षे मी दिवसाचे नऊ-दहा तास गुडघ्यांवर काढले. अकरा वर्षांपूर्वी एका इमारतीची लिफ्ट सुरू झाली नव्हती, म्हणून फरशीची खोकी खांद्यावरून पाचव्या मजल्यावर नेत होतो. एक खोके तीस किलोचे. चौथ्या मजल्याच्या वळणावर पाय वळला आणि गुडघ्यात कटकन आवाज आला. ओल्या टॉवेलने बांधून मी तसाच काम करत राहिलो. श्यामसुंदर म्हणाले, "बसूनच तर करायचंय काम, पळायचंय थोडंच?" गुडघ्याला बांधायचे पॅड मागितले, तर म्हणाले, "क्रिकेट खेळायला आलायस का?" सगळे हसले. मीही हसलो. डॉक्टर आता सांगतात की आतली गादी तेव्हाच फाटली होती, तरी गुडघ्यांवर बसणे आणि ओझे चालूच राहिले, म्हणून हाडावर हाड आले. तेव्हा थांबलो असतो तर कदाचित वेगळे झाले असते. मला काही झाले तर बुद्धवंदनेला सर्वांसाठी खुर्च्या मागवाव्यात. श्यामसुंदर आले तर त्यांना चटईवर बसवावे. तेही आता सत्तरीचे आहेत.

४. मसुदा पाहून वकीलबाई म्हणाल्या, "ओव्हाळ, भीती वगैरे लिहायची नसते यात." तरी लिहितो. मरणाची भीती आहेच. पण जगलो आणि पाय वाकलाच नाही, राधाला मला उचलावे लागले, याची जास्त आहे. आणि सर्वांत मोठी भीती पुढच्या कलमात आहे.

५. हत्यारे: कटर मशीन, थाप्या, रबरी हातोडे, फरशीची पातळी बघायच्या दोन लेव्हल. मुलगा प्रज्ञेश, वय २७, दीड वर्षापासून याच धंद्यात आहे. गेल्या महिन्यात तो घराच्या तीन पायऱ्या लहान मुलासारखा चढला, दर वेळी डावाच पाय पुढे.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"कशाला?"

"गुडघ्याला."

"काही नाही, मुरगळलाय."

"आवाज आला होता का?"

तो बूट काढत राहिला. मग म्हणाला, "साइट संपू दे बाबा."

म्हणून लिहितो की ही हत्यारे प्रज्ञेशला देऊ नयेत. बांधकाम कारागिरांच्या एखाद्या प्रशिक्षण वर्गाला द्यावीत आणि सोबत गुडघ्याच्या पॅडच्या दहा नव्या जोड्या घेऊन द्याव्यात.

इथपर्यंतचा मसुदा त्याने वाचला. "म्हणजे मला काहीच नाही?"

"घर तुझ्या आईचं आहे."

"घर कोण मागतंय? हत्यारं मागतोय."

"म्हणूनच देत नाही."

त्यानंतर दोन दिवस तो लंगडत कामावर गेला, लंगडत आला. मी त्याची पावले मोजत पडून राहिलो.

६. आज सहीच्या वेळी हे हाताने वाढवतो. दुसरे साक्षीदार स्वारगेटला अडकले. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला यातून काही मिळत नाही असा कोणीही सज्ञान माणूस चालेल. दारातून प्रज्ञेश म्हणाला, "मला काही मिळत नाहीये. मी करतो." तो रागाने म्हणाला की कसे, मला कळले नाही. विचारायचे धाडस झाले नाही. माझी सही झाली की पेन त्याच्याकडे देतो.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

मांजरी, पुणे. १२ मार्च २०२५.

सही: दशरथ सखाराम ओव्हाळ

साक्षीदार १: कुसुम रोकडे, शेजारी. दशरथभाऊंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: प्रज्ञेश दशरथ ओव्हाळ. बाबांनी माझ्यासमोर सही केली. कलम ५ वाचले. साइट सोडली आहे. शनिवारी गुडघा दाखवायला जातो, निकिता सोबत येणार आहे.