मुकामीच्या कुंपणावरच्या माश्या

९ जानेवारी
भोपळा कापला. आत अळ्या! म्हणजे फळमाशी. डोकं सणकलं. पुढच्या महिन्यात मुलीच्या, न्जांबीच्या, लग्नाची बोलणी करायला मंडळी येणार, आणि मी होणाऱ्या व्याह्यांना, गिथिंजींना, छातीठोकपणे सांगून बसलोय की ताटातली भाजी माझ्याच मळ्यातली असेल. निश्चय: फळमाशीचा नायनाट.

१० जानेवारी, सकाळ
गुन्हेगार सापडला. पिवळी, अंगावर काळे पट्टे. सुकुमाच्या, आमच्या रोजच्या पालेभाजीच्या, पानांवर हवेत एका जागी थांबते. नेम धरत असणार. येते शेजारच्या मुकामीच्या कुंपणावरून. बाईने कोथिंबीर फुलावर सोडलीय. शुद्ध आळस.

संध्याकाळ
मुकामीला बजावलं, कोथिंबीर उपट. म्हणते, "मास्तर, ही फुलमाशी. हिचे पंख स्वच्छ असतात. फळमाशीच्या पंखांवर नक्षी असते, ती पानावर पंख हलवत मिरवते. दोघींची घराणी वेगळी."
माशीला म्हणे घराणं! शाळेत ही जीवशास्त्र शिकवायची, मी भूगोल. स्टाफरूममध्येही हाच तोरा. अगं, नक्षी बघायला माशीने उभं तर राहायला हवं!

१४ जानेवारी
सुकुमाच्या पानांखाली थोडा मावा, ती रस शोषणारी बारीक कीड. त्यात हिरवट, लिबलिबीत, बिनपायाच्या अळ्या. त्या हलकट माशीचीच पिल्लं! एकूण एक चिरडली. फार बरं वाटलं. माव्याला हात लावला नाही. गरीब प्राणी, एका जागी बसून असतो.

१५ जानेवारी
फवारणी. फक्त पानांच्या वरून. खालून कशाला, माश्या वर असतात. पट्टेवाल्या पटापट पडल्या. बायको, वांगेची, म्हणाली, "अहो न्जांबीचे बाबा, मुकामी सांगत होती की फुलमाशीच्या अळ्या मावा खाऊन..." मी म्हणालो, या घरात त्या बाईचं नाव काढायचं नाही. बायको उठली आणि थेट तिच्याकडे जाऊन बसली. संध्याकाळचा चहा मीच केला. उतू गेला.

२२ जानेवारी
एक पट्टेवाली जिवंत पकडून मुकामीच्या नाकासमोर धरायची आणि वाद मिटवायचा, असं ठरवलं. फुलमाशीला नांगी नसते, हे तिचंच म्हणणं. बेधडक मुठीत धरली. गांधीलमाशी निघाली. हात टम्म. वरून मुकामी कुंपणापलीकडून म्हणते, "मास्तर, पंख मोजायचे ना. माशीला दोन, गांधीलमाशीला चार." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. चूक तिची. अर्धवट माहिती देते.

३० जानेवारी
मावा. कोंब, देठ, पानं, सगळं करडं आणि चिकट. मुकामीची सुकुमा मात्र टवटवीत. उघड आहे. तिने तिचा मावा माझ्याकडे हाकलला.

४ फेब्रुवारी
सुकुमा मुळासकट उपटली. नैरोबीहून न्जांबीचा फोन: बाबा, येताना मार्केटमधून भाजी आणू का? माझा अपमान! फोन आपटला. थोड्या वेळाने, आण म्हणायला परत लावला. उचलला नाही. आईवर गेलीय.

८ फेब्रुवारी
मंडळी आली. बकऱ्याचं मटण, बटाटा-मका कुस्करून केलेला मुकिमो आणि ढीगभर सुकुमा. कुठून आली ते मी विचारलं नाही. गिथिंजींनी पुन्हा पुन्हा वाढून घेतली. म्हणाले, व्याही, मळा दाखवाच. पाय दुखतो म्हणालो, तर ते एकटेच निघाले. मग जावं लागलं. मागून सगळे. न्जांबी, वांगेची, आणि वांगेचीने न विचारता बोलावलेली मुकामी.
बोडक्या वाफ्यांसमोर गिथिंजी थबकले. "अरेरे! गारा पडल्या का हो?"
मी म्हणालो, "हो. गाराच."
न्जांबी म्हणाली, "बाबा, नाताळपासून पाऊस कुठाय?"
मी म्हणालो, तू नैरोबीत असतेस.
गिथिंजींनी कुंपणापलीकडे बघितलं. "आणि शेजारी नाही पडल्या?"
मी तोंड उघडेपर्यंत मुकामी म्हणाली, "आमच्या मास्तरांच्या गारा फार शिस्तीच्या. कुंपण ओलांडत नाहीत."
सगळे हसले. न्जांबी सगळ्यांत जोरात.