घाणीच्या कामाआधी

३ सप्टें. १९८७
परभणीहून परत. जंतुसंसर्गाचं प्रशिक्षण संपलं एकदाचं. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. वीज गेली की जंतूही गायब! हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड, दोरा, नाळ स्वच्छ. आता हेच मी गावच्या दाईला शिकवायचं. गिरजाबाईला. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं आणि मी इथे काल आलेली नर्स.
सोनपेठच्या अलीकडे गाडी अडवलेली. विद्यापीठाच्या नामांतराचा रास्ता रोको. गाडीत लोक आडनाव विचारतात आणि मग गप्प बसतात. डोकं उठलं.

५ सप्टें.
ऊसतोडीला जाणाऱ्या कौसाला सहावा महिना. गेल्या दोन्ही खेपांची बाळं आठवड्याच्या आत गेली. धनुर्वात, दुसरं काय. सासू म्हणते नजर लागली. नाळ कशानं कापली विचारलं, तर, "कोयत्यानं. ऊस तोडायचा, त्योच. लख्ख असतोय." लख्ख म्हणे!
यंदाही त्यांची ऊसतोड टोळी कारखान्यावर जाणार, म्हणजे बाळंतपण उसाच्या फडातच. धनुर्वाताची पहिली सुई आज दिली. दुसरी महिन्याने द्यायची. तोवर निघून गेली तर? जीव थाऱ्यावर नाही.

१२ सप्टें.
त्यातल्या त्यात बरं: गिरजाबाईही मुलासुनेबरोबर त्याच टोळीत जाते. आज केंद्रात बोलावून शिकवलं. ब्लेड, दोरा छान उकळले. कापडाची बाहुली आणि सुतळीची नाळ. तिने ती बांधली, कापली, आणि मग साबण घेऊन कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले.
"अहो मावशी, आधी धुवायचे!"
"घाणीच्या कामाआधी कोन हात धुतंय बाई? झाल्यावर धुतेत."
सगळ्या गावाचं हेच. बाळंतीण विटाळाची, दाई विटाळाची. सगळे नंतर धुतात. आधी कुणीच नाही. साहेबांच्या चित्रांत हे कुठे होतं?

१५ सप्टें.
पुन्हा बसलो. मी आपली हुशारीने म्हणाले, "मावशी, देवाला हात लावायच्या आधी धुतो ना, तसं समजा."
गिरजाबाई हसली. "आमाला देवाला हात कोन लावू देतंय, बाई?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं शिकून ही अक्कल! खाली मान घालून स्टोव्हला पंप मारत बसले. तीच मग चहा मागून घेऊन प्यायली.

२१ सप्टें.
आज भाकरीवरून सांगितलं. पीठ मळायच्या आधी हात धुता ना? "तर! शेणाचे हात पिठात घालतेत का कुनी?" बाहुली उचलली, परत खाली ठेवली. मग स्वतःच उठून हात धुऊन आली. पुढचं मी बोललेच नाही, न जाणो बिघडायचं.
कौसाच्या सासूकडेही गेले. नाळ गिरजाबाई कापेल, ब्लेडने, असं निक्षून सांगितलं. म्हातारी म्हणते, "कापू द्या की. पर तिचं पानी आमच्या भगुन्यात उकळायचं न्हाई." फडात तिची पाचटाची खोप एका टोकाला, यांची दुसऱ्या. असा संताप आला! भांडले नाही. भांडले असते तर सुईलाही नाही म्हणाली असती. माझं झाकणाचं पातेलं गिरजाबाईला देऊन टाकलं. आता भात कशात शिजवू?

७ ऑक्टो.
टोळी आजच निघाली! दिवाळीनंतर जाणार होते ना? मुकादमाने आगाऊ उचल दिलेली, तो म्हणेल ती दिशा. ट्रक उभा. सिरिंज उकळत ठेवलेली, ती गार होईना. झाकलेला ट्रे घेऊन अक्षरशः धावले. मुकादम ओरडायलाय, "चला, चला! जत्रा हाय का?" कौसाने वर बसूनच दंड पुढे केला. दिली दुसरी.
सासू: "टोचा. पर ह्ये बी गेलं तर तुमच्या नावानं बोंब ठोकीन."
ठोका. तेवढ्यासाठी तरी परत या.

१९ नोव्हें.
मासिक मीटिंग. "किती दाया प्रशिक्षित?" आकडा दिला. साहेब खूश. हात आधी धुतात की नंतर, हे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे सांगितलं?
स्वप्नात सारखा कोयता येतो. कामात लक्ष नाही.

१६ डिसें.
टोळीला घेऊन गेलेला ट्रकवाला गावात आला. कौसा बाळंत झाली, मुलगा. कधी झाली? "चार-पाच दिस झाले आसतेल." नाळ कुणी कापली? "त्ये बायकांचं, मला काय म्हाईत?" ब्लेडने की...? वैतागला. जाता जाता मात्र बोलला, "पोरगं लय रडायलंय म्हनं. टोळीला झोप न्हाई त्याच्यापायी."
धनुर्वातात आधी जबडा धरतो. दूध ओढवत नाही, रडणं बंद पडतं. आठवडा अजून उलटायचाय. तरी रडतंय म्हणजे तोंड उघडतंय.
रड बाबा. कुणाला झोपू देऊ नको.