पदवीला उरलेला एक विषय

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार

प्रिय व्हर्लीनताई,

तुझे गुडघे कसे आहेत? डेट्रॉइटला थंडी सुरू झाली असेल. इथे कॅरोलायनात अजून स्वेटरही लागत नाही. मी ठीक. पाय सुजतात, एवढंच. तीस वर्षं विद्यापीठाच्या भटारखान्यात उभी आहे, आणखी काय होणार?

इथल्या नोकरांना दर सत्राला एक विषय फुकट शिकता येतो. तसा एकेक विषय करत मी पदवीपर्यंत आले. शेवटी उरला 'वंश आणि वंशभेद' हा विषय. तो केल्याशिवाय आता कोणालाच पदवी देत नाहीत. आमचा मुकादम रूफस हसत सुटला. "आर्नेटा, तू तिथे बसून काय शिकणार? त्यांनाच म्हण, या, माझ्यापुढे बसा!" मीही हसले.

वर्गात चाळीस पोरं, नातवंडांच्या वयाची. "सक्तीचा आहे म्हणून बसलोय," असं तोंडावर सांगतात. शिकवणाऱ्या पाकबाई तिशीच्या, आईवडील कोरियातून आलेले. फार जीव तोडून शिकवतात. त्यांनी सांगितलं, वंशभेद तुमच्या स्वतःच्या आयुष्यात कसा आला ते लिहा.

मी नऊ पानं लिहिली. वर्गात वाचायला लावली, तर पोरांनी हातातले फोन खाली ठेवले. शेजारचा मुलगा म्हणाला, "खरंच तुम्ही गेला होतात त्या शाळेत?" मी होकारार्थी मान हलवली.

ताई, ती नऊ पानं तुझी आहेत.

पासष्टचा सप्टेंबर. गोऱ्यांच्या शाळेत आपल्या काळ्या पोरांनाही घेऊ लागले, तेव्हा अर्जावर बाबांनी आपल्या दोघींची नावं घातली होती. गेलीस तू एकटी. दुपारी आलीस तेव्हा वेणीत च्युइंगगम चिकटवलेलं. आईने कात्रीने वेणी कापली, तू रडली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलीस. माझं नाव बाबांनी त्याच आठवड्यात काढून घेतलं. "एकीचं झालं तेवढं पुरे," म्हणाले.

हे सगळं मी 'मी' म्हणून लिहिलं. माझी वेणी, माझा बाक. लिहिताना हात एकदाही अडखळला नाही, त्याचीच आता भीती वाटते.

पाकबाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. डिसेंबरच्या पदवीदानात हेच वाचा, म्हणाल्या. आज सकाळी त्यांच्या खोलीत गेले.

"त्या शाळेत मी नाही गेले. माझी बहीण गेली."

"आणि तुम्ही?"

"घरी होते."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "हे गुण मला काढावे लागतील. शुक्रवारपर्यंत दुसरं लिहून द्या, आर्नेटा. या खेपेला तुमचं." नाही दिलं तर पदवी नाही.

दमले गं. तरी लिहायला बसले आहे. तुझ्याआधी ते कोणी वाचू नये, म्हणून सुरुवात इथे उतरवते:

'त्या सकाळी मला ताप नव्हता. आईने हात लावून पाहावं म्हणून मी कपाळ शेगडीपाशी शेकून घेतलं होतं. बहिणीने दारातून वळून पाहिलं, तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढलं.'

पत्र पोचताच फोन कर; पुढचं तुझ्या परवानगीने लिहीन. नाही म्हणालीस, तर एवढंच देईन.

सेहेचाळीस वर्षं उशिरा,
तुझी आर्नेटा