हिरवी तार कुठली

७ ऑगस्ट १९९८

चार केबली केल्या, चारही फुकट. टेस्टरला लावल्या की दिवे ओळीने पेटायला हवेत. माझे पेटतात – पहिला, दुसरा, मग एकदम सहावा, मग भलताच कुठला तरी. खेमानी सरांनी टेस्टर माझ्या नाकासमोर धरला. "साईं, ये क्या बनाया? दिवाली की लाइटिंग?" सगळी लॅब हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार!

दोन वर्षं नेटवर्किंग म्हणजे नुसता फळा. चौकोन काढा, रेषा काढा, चौकोनांना नावं द्या. या वर्षी कुठे कॉलेजात कम्प्युटर एकमेकांना जोडायचा खरा हब आला, केबलीचं भेंडोळं आलं. काम तसं सोपं. केबलीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्या ठरलेल्या क्रमाने प्लगमध्ये सारायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. संपलं. लेखीत वर्गात पहिला येणारा मी, आणि हे जमत नाही.

८ ऑगस्ट

क्रम तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, सांगतो. मग चुकतंय कुठे?

१४ ऑगस्ट

लॅबमध्ये मालिनी माझी जोडीदार आहे. बदलापूरला कुळगावात राहते. कमी बोलते आणि बोटं झपझप चालतात. आज तिने माझ्या चिमटीतली तार ओढूनच घेतली.

"ही तू कुठली म्हणून लावतोयस?"

"हिरवी."

"तपकिरी आहे ही. हिरवी ती बघ, तिकडे."

मी बघितलं. दोन्ही सारख्याच. म्हणालो, इथे उजेड कमी आहे. ती दोन्ही तारा घेऊन खिडकीशी गेली, मला बोलावलं. भर उन्हातही सारख्याच! तिने हळूच विचारलं, "तुला दिसत नाही का रे?" कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं होतं बिचारीने. मी मात्र तिच्या अंगावर खेकसलो – तू तुझं बघ.

नंतर तासभर ती तिचं बघत बसली. मी पक्कड हातात धरून बसलो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही. घरीच बसून एकेक आठवत होतो. आठवायला लागलं की संपत नाही.

चौथीत असताना विहाराच्या भिंतीवर बोधिवृक्ष काढायचा होता. मोठ्या मुलांनी खोड रंगवलं, पानं माझ्यावर सोपवली. मी मन लावून रंगवली. संध्याकाळी सगळी वस्ती हसत होती. धोंडिबाच्या पोराने झाड वाळवलं म्हणे! बाबांनी शेजाऱ्याकडून हिरवा डबा आणून पुन्हा पानं काढली. आई म्हणाली, धांदरट आहे पोरगं, लक्षच नसतं. तेव्हापासून घरात मी धांदरट.

टोमॅटो पिकलाय की कच्चा, ते मी दाबून बघतो. मला वाटायचं, सगळेच तसं बघतात.

२२ ऑगस्ट

अंबरनाथ पूर्वेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, घरी न सांगता. त्यांनी एक ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पहिल्या पानावरचा बारा वाचला, बरं वाटलं. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. डॉक्टर पानं उलटत राहिले, मी मान हलवत राहिलो.

म्हणाले, औषध नाही. चष्मा नाही. तसा हा आजारच नाही, जन्मापासून असंच असतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामाला आहे का कुणा? हे आईच्या बाजूने येतं. मुलींना सहसा स्वतःला काही कळत नाही, पण त्यांच्याकडून त्यांच्या मुलांकडे जातं."

मी विचारलं, तारांचं काम करता येईल का? ते म्हणाले, रंगाचं काम सोडून दुसरं काहीही कर ना!

दुसरं काहीही. वा. बाहेर येऊन सायकलीचं कुलूप उघडायलाच मला कितीतरी वेळ लागला.

२४ ऑगस्ट

बाबांनी सगळ्या कारखान्यात सांगून ठेवलंय. पोरगा कम्प्युटरच्या लाइनीत जाणार, त्याला माझ्यासारखं ॲसिडच्या वासात जन्म काढायला नको. काल त्यांचा एक सोबती घरी आला, तर मला मुद्दाम बाहेर बोलावून म्हणाले, "सांग यांना, काय ते, नेटवर्क." मी सांगितलं. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते, सोबत्याच्या तोंडाकडे बघत होते.

यांना कसं सांगू?

३० ऑगस्ट

मामांकडे गेलो, विठ्ठलवाडीला. बबनमामा डेपोत गाड्या धुतात. आमच्या घरी त्यांचं नाव फारसं कुणी काढत नाही. तरुणपणी रेल्वेत इंजिनावर निवड झाली होती, पेढे वाटून झाले होते, आणि मेडिकलच्या दिवशी ते दारू पिऊन गेले – अशी गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. आईने त्यासाठी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी जयभीम केला, चहा घेतला आणि सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसतो का?"

मामांनी कप खाली ठेवला. उठून दार लोटलं.

"तुला पण?"

एवढंच. मग सांगितलं त्यांनी. मेडिकलला तेच ठिपक्यांचं पुस्तक होतं. पुढचं पान, पुढचं पान. बाहेर पडले ते थेट गुत्त्यावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्यायले, तोंडाला वास यावा म्हणून. "दारूचं नाव काढलं की लोक चार दिवस बोलतात न् गप बसतात. डोळ्यात खोट हाय म्हटलं असतं, तर पोरगी दिली असती का कुणी? तुझ्या आईचं लग्न तरी झालं असतं का?"

मी म्हणालो, पण आई तर अजून...

"बोलू दे. मी तवा पीत नव्हतो. मंग लागलो."

निघताना जिन्यापर्यंत आले. खांदा घट्ट धरून म्हणाले, "कुणाला बोलायचं नाय. काय वाट्टेल ते सांग, पण हे नाय. एकदा शिक्का बसला की संपलास तू."

१ सप्टेंबर

मामांशिवाय मला विचारायला आहे तरी कोण? गप्प बसायचं ठरवलं.

१२ सप्टेंबर

सापडलं! केबलीचे तुकडे घरी आणले होते. आठ तारा मोकळ्या नसतात, त्यांच्या जोड्या असतात. प्रत्येक रंगाची तार आणि तिची पांढऱ्या पट्ट्याची बहीण, एकमेकींना पीळ घातलेल्या. आणि पीळ सगळ्यांचा सारखा नाही! एका जोडीचा घट्ट, एकीचा ढिला. नख फिरवलं की कळतं. निळी तर मला दिसतेच. नारिंगी जराशी उजळ वाटते. सगळा घोळ हिरव्या-तपकिरीचा, आणि तो नखाने सुटतोय.

१४ सप्टेंबर

मालिनीची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. मग तिला म्हणालो, मी जोडीवर बोट ठेवतो, तू फक्त हिरवी की तपकिरी एवढं सांग, बाकी काही विचारू नको. तिने सगळं सांगितलं. विचारलं काहीच नाही. घट्ट पिळाची हिरवी, ढिली ती तपकिरी. कॉलेजचं सगळं भेंडोळं एकाच कंपनीचं आहे, म्हणजे पिळात फरक पडायचा नाही.

९ ऑक्टोबर

दिवे ओळीने पेटले. एकापाठोपाठ एक, शहाण्यासारखे. खेमानी सर म्हणाले, "देर आया, पर आया साईं." डोळे मिटूनसुद्धा केबल करता येईल आता मला. तसं म्हटलं तर डोळे मिटूनच करतो.

२७ नोव्हेंबर

अंधेरीची एक कंपनी जानेवारीत कॉलेजात येणार आहे. नेटवर्कसाठी आमच्यातली दोन मुलं उचलणार. आधी लेखी, मग केबल करून दाखवायची, मग बोलणं. बाबांना सांगितलं. ते फक्त हं म्हणाले, आणि संध्याकाळी माझ्यासाठी नवा पांढरा शर्ट घेऊन आले. पांढरा आणला ते बरं केलं.

३ जानेवारी १९९९

ताई बाळंतपणासाठी आली. घर भरल्यासारखं वाटतंय. मी दारात बसून केबलीच्या जोड्यांवर नख फिरवत होतो, तर म्हणते, "काय रे, जानवं वळतोयस की काय? आपल्यात नसतं ते!" किती दिवसांनी पोटभर हसलो.

१६ जानेवारी

लिहवत नाही.

१७ जानेवारी

लिहून टाकतो.

लेखी उत्तम गेली. मग लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर केबल होती, पण कॉलेजची नाही. कंपनीने स्वतःची आणली होती. वरचं कातडं सोललं, नख फिरवलं. घट्ट सगळ्याच! थोडा इकडे, थोडा तिकडे, पण नखाला कळेल असा फरक नाही. पुन्हा फिरवलं. शेजारी मालिनीचा प्लग दाबूनसुद्धा झाला होता. मी दोन जोड्या हातात धरून उभा. निम्मी-निम्मी शक्यता होती, लावली एक. टेस्टरला लावल्यावर दिवे माकडासारखे उड्या मारायला लागले.

कंपनीचा साहेब माणूस बरा होता. चष्म्याच्या वरून बघून म्हणाले, "पेपर तर छान लिहिलायस. काय झालं? काही अडचण आहे का?"

घशापर्यंत आलं होतं. मामांचा हात खांद्यावर आहे असंच वाटत राहिलं.

ते पुन्हा म्हणाले, "असली तर सांग, मोकळेपणाने."

"हात थरथरला, सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी बाहेर आलो.

१८ जानेवारी

मालिनीचं नाव लागलं. माझं नाही. आई म्हणाली, माझ्या भावाचंही असंच, ऐन वेळी नडलं. बाबा डबा घेऊन पाळीवर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी

कॉलेजात गेलो नाही. कालही नव्हतो गेलो. आईला सांगितलं, अभ्यासाची सुट्टी आहे. थापा मारायला आता काही वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

मालिनी भेटली. कंपनीत दर शनिवारी ट्रेनिंग असतं तिला. मी विचारलं, किती केबली करायला लावतात दिवसाला? ती हसली. "केबली कुठल्या? ते कंत्राटी पोरं टाकतात. आम्ही सगळा दिवस स्क्रीनपुढे. केबल नुसती बघायला दिली होती, हात कसा चालतो ते."

मग म्हणाली, "साहेबांना तुझं आठवतंय. म्हणत होते, त्या मुलाला विचारलं मी, काय अडचण आहे. सांगितलं असतं तर काहीतरी केलं असतं. पण बोललाच नाही." ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी म्हणालो, दुसऱ्याला घेतलं असेल ना आता? तिने मान डोलावली.

१६ फेब्रुवारी

रागवायचं तरी कुणावर? मामांनी त्यांना जे ठाऊक होतं तेच दिलं मला. तोंड माझं होतं. उघडलं नाही, ते मीच.

२८ फेब्रुवारी

बाबांनी कारखान्यात शब्द टाकलाय माझ्यासाठी. परीक्षा झाली की हंगामी म्हणून लावून घेतील. सांगताना ते दाराकडे बघत होते. मी बरं म्हणालो.

११ मार्च

ताईला सकाळी मुलगा झाला. दोघं सुखरूप आहेत. दवाखान्यात वस्तीतल्या बायकांची गर्दी. मामाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पण दारातच उभे. कुणीतरी बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून म्हणालं, "अगं, थेट मामावर गेलंय की हे!" सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मी मामांकडे बघितलं. मामांनी मान खाली घातली.

दुपारी ताईजवळ कुणी नव्हतं. मी खाटेवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तारा, डॉक्टर, मामा, सगळं. याला असेलच असं नाही, हेही सांगितलं. पण असलं तर याला लहानपणीच कळू दे, म्हणालो. धांदरट म्हणू नका याला.

ती बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग मला विचारलं, "म्हणजे माझ्याकडून?"