निबंधात मेलेल्या आजीकडून

ठमे,

कॉलेजच्या प्रवेशासाठी लिहिलेला तुझा निबंध टेबलावर होता, तो वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात मी मेले! मेले तर मेले, पण जाताना माझ्या तोंडी काय घातलंस? ‘बाळ, खूप शिक, जगाला उजेड दे.’ अगं, मी जन्मात कधी असं बोलले आहे का? मी जाताना फार तर ‘गॅस बंद केलास का?’ एवढंच विचारीन.

असल्या मेलेल्या आज्या त्या लोकांनी ढिगाने वाचल्या असतील. तू जिवंत आजीचं लिही. आपण दोघींनी मिक्सर दुरुस्त केला, दोन स्क्रू उरले, तरी तो सुरू झाला. मी म्हटलं, चाललाय ना, दे सोडून. तू मात्र जेवण टाकून ते स्क्रू कुठले ते शोधत बसलीस. ती तू मला निबंधात कुठेच दिसली नाहीस.

तुझ्या आईबरोबर दवाखान्यात तपासणीला जाते आहे. कदाचित ठेवून घेतील. तोंड पाडून बसू नकोस, निबंध नव्याने लिही. भाजी गरम करून घे.

गॅसचं आज विचारत नाही. ते घरी आल्यावरच विचारीन.

– आजी